सुबोधता, रुग्णमाहितीची : दातांच्या तारा

वेडेवाकडे, पुढे आलेले किंवा दाटीने उगवलेले दात तारा, ब्रेसेस वा अलाइनर लावून सरळ करतात. या उपचारांविषयी इंटरनेटवर मिळणारी माहिती रुग्णाला व पालकांना कितपत कळते, हा या नोंदीचा विषय. रायगड जिल्ह्यातील कामोठे व खारघर येथील दंत महाविद्यालये पनवेल तालुक्यात आहेत. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनकडच्या कुटुंबाला तिथवर जायचे तर दिवस मोडतो. उपचार बहुधा दीड-दोन वर्षे चालतो आणि महिना-दीड महिन्याने तार तपासून घ्यावी लागते. मधल्या काळातल्या शंका मोबाइललाच विचारल्या जातात.

इंग्रजी मजकुराचा सोपेपणा मोजणारी सूत्रे जुनी आहेत : रुडॉल्फ फ्लेश यांचे १९४८ चे, मॅक्लॉफ्लिन यांचे 'स्मॉग' १९६९ चे. शब्द आणि वाक्ये किती लांब, यावर त्यांचा भर. रुग्णमाहिती सहावीच्या मुलाला कळेल अशी असावी, ही अमेरिकन मेडिकल असोसिएशनची शिफारस. दातांच्या तारांवरील इंग्रजी पाने बहुतेक तपासण्यांत त्याहून अवघड ठरली आहेत. माहितीचा दर्जा ही वेगळी बाब असून त्यासाठी १९९९ पासून 'डिसर्न' ही प्रश्नावली वापरतात.

मराठीला ही सूत्रे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. प्रत्यय शब्दालाच चिकटत असल्याने 'दातांमधल्या' लांब होतो, तरी तिसरीतल्या मुलाला कळतो. 'अधोहनु' आखूड, पण पदवीधरालाही अडवतो. हिंदी व बांगलासाठी खरगपूर आयआयटीच्या संशोधकांनी २०१२ मध्ये स्वतंत्र मापे मांडली.

सूत्रांच्या पकडीत न येणारी अडचण पथ्याची. परदेशी पानांवरून उतरवलेल्या यादीत पॉपकॉर्न, कॅरमल, बर्फ असतो. रायगडच्या किनाऱ्यावर दाताला चिकटवलेले ब्रॅकेट निखळायला भाजलेला सुका बोंबील, चिक्की, उसाचे कांडे आणि श्रीवर्धनची सुपारी पुरेशी आहे. त्यांचा उल्लेख क्वचितच सापडतो. तांदळाची भाकरी, मऊ भात, काटे काढलेले मासे चालतात, हेही लिहायला हवे. तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर वापरला नाही तर दात पुन्हा सरकतात, ही महत्त्वाची सूचना तर अनेकदा पानाच्या तळाशी जाते.

टोचणाऱ्या तारेच्या टोकाला दातांचे मेण लावा व दवाखान्यात फोन करा, एवढे साधे वाक्य ज्या पानावर चटकन सापडत नाही, ते सूत्रात उत्तीर्ण झाले तरी श्रीवर्धनच्या रुग्णासाठी अपुरेच मानावे.