खोक्यावरचा वॉट: एका आकड्याचा इतिहास

१/
तळहातावर मावणाऱ्या वायरलेस स्पीकरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत '१०० वॉट' छापलेले असते. घरातली जुनी ट्यूबलाइट ४० वॉटची. मग एवढ्याशा डबीत अडीच ट्यूबलाइटांची शक्ती येते कुठून? याचे उत्तर भौतिकशास्त्रात जितके आहे, तितकेच व्यापाराच्या इतिहासात आहे.

२/
अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील अनेक गिरण्यांची जाती घोडे फिरवीत. वाफेचे इंजिन विकू पाहणाऱ्या जेम्स वॉट यांच्यापुढे गिऱ्हाइकाचा प्रश्न साधा होता: हे किती घोड्यांचे काम करील? १७८० च्या दशकाच्या आरंभी वॉट यांनी माप ठरवले. मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलण्याइतके काम म्हणजे एक अश्वशक्ती.

३/
सामान्य घोड्याला ही गती दिवसभर टिकवणे कठीण होते. म्हणजे माप घोड्याला झुकते होते आणि ती चूक गिऱ्हाइकाच्या पथ्यावर पडणारी होती. दहा अश्वशक्तीचे इंजिन दहा खऱ्या घोड्यांपेक्षा कमी भरण्याची भीती नव्हती. शक्तीचे हे माप प्रयोगशाळेत नव्हे, बाजारात जन्मले.

४/
१८८२ मध्ये विल्यम सीमेन्स यांनी ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात विद्युतशक्तीच्या एककाला 'वॉट' हे नाव सुचवले. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॉट. परंतु ही शक्ती किती काळ टिकली पाहिजे, हे एकक सांगत नाही. डोळ्याचे पाते लवेपर्यंत मिळालेले १०० वॉट आणि तासभर मिळालेले १०० वॉट कागदावर सारखेच दिसतात. पुढचा सारा घोळ या फटीतून शिरला.

५/
१९२५ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी चुंबकीय क्षेत्रात हलणारी तारेची गुंडाळी व तिला जोडलेला कागदी शंकू असा ध्वनिवर्धक मांडला. आजचे बहुतेक स्पीकर याच तत्त्वावर चालतात. त्यावर आधारित 'रेडिओला १०४' या ध्वनिवर्धकात बसवलेला अँप्लिफायर अवघा सुमारे १ वॉटचा होता.

६/
पुढे हाय-फाय आणि स्टिरिओचे युग आले व जाहिरातींत आकड्यांची चढाओढ लागली. कोणी सलग मिळणारी शक्ती छापी, कोणी 'म्युझिक पॉवर', तर कोणी 'पीक पॉवर'. शुद्ध स्वराच्या लहरीतील शिखराची शक्ती सरासरीच्या दुप्पट असते. त्यात दोन्ही बाजूंचे आकडे मिळवले आणि आवाज फाटला तरी चालेल असे मानले, की यंत्र न बदलताही आकडा फुगे.

७/
अखेर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये घरगुती अँप्लिफायरसाठी नियम लागू केला. शक्ती सांगायची तर ती सलग मिळणारी असावी. सोबत कोणत्या कंपनसंख्यांच्या पट्ट्यात, किती ओहमच्या भारावर आणि किती विकृतीसह, हेही सांगावे. चाचणीपूर्वी यंत्र एक तास एक-तृतीयांश शक्तीवर तापवावे. थोडक्यात, घोडा दिवसभर चालतो का, हाच प्रश्न पुन्हा विचारला गेला. २०२४ मध्ये या नियमात सुधारणा करून चाचणीच्या अटी एकसारख्या करण्यात आल्या.

८/
भारतीय बाजारात १९९० च्या दशकात टेपरेकॉर्डर व संगणकाच्या स्पीकरांवर 'पीएमपीओ' ही अक्षरे झळकत. सोबत शेकडो, कधी हजारो वॉटांचा आकडा. या अक्षरांना सर्वमान्य मोजणीपद्धतीचा आधार नव्हता. क्षणार्धाचे सैद्धांतिक शिखर एवढाच त्यांचा अर्थ. खरी सलग शक्ती त्याच्या अगदी लहान अंशाएवढी असे.

९/
आजच्या खोक्याचा दावा साध्या गणिताने तपासता येतो. समजा, स्पीकरची बॅटरी ३.७ व्होल्ट, २००० मिलिअँपिअर-तासांची आहे. गुणाकार केला की ७.४ वॉट-तास. १०० वॉट सलग खर्च केले तर ती साडेचार मिनिटांतच संपेल. त्याच खोक्यावर 'दहा तास चालतो' असेही लिहिले असेल, तर सरासरी खर्च पाऊण वॉटहून कमी ठरतो. दोन्ही दावे एकाच वापराबद्दलचे असणे शक्य नाही.

१०/
कानाचा हिशेबही निराळा आहे. शक्ती दुप्पट केली तर ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबलने चढते; आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. एक स्पीकर त्याच १ वॉटवर दुसऱ्यापेक्षा ६ डेसिबल मोठा वाजत असेल, तर तेवढा आवाज काढायला दुसऱ्याला चौपट शक्ती हवी. म्हणून १० आणि २० वॉटमधला फरक किमतीत जितका दिसतो, तितका ऐकू येत नाही.

११/
इतिहासाचा अभ्यासक कागद हाती आला की तो कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहिला हे आधी पाहतो. खोक्यावरचा आकडाही तसाच वाचावा. 'आरएमएस' म्हणजे सलग शक्ती दिली आहे की शिखर? विकृती १ टक्का की १० टक्के? आकडा एका स्पीकरचा की साऱ्यांची बेरीज? बॅटरीवरचा की चार्जर लावलेला असतानाचा? वॉट यांच्या गिऱ्हाइकाला इंजिनाच्या कामाची तुलना आपल्या तबेल्यातील घोड्यांशी करता येत होती. आजच्या गिऱ्हाइकाला तीच सोय या चार प्रश्नांनी मिळते.