डोंगरातली वाट वाचवायची, तर आधी पाण्याला वाट का द्यावी लागते?

डोंगरातली पायवाट कशामुळे बिघडते? 'चालणाऱ्यांमुळे' हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. सततच्या वर्दळीने गवत मरतं, माती उघडी पडते. पुढचं नुकसान पाणी करतं. पाऊस वाटेवरूनच वाहू लागतो, माती नेतो आणि वाटेची घळ होते. मग लोक घळीच्या बाजूने चालतात आणि तिथलंही गवत जातं.

इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये ही मोठी डोकेदुखी आहे. तिथल्या हॉनिस्टर खिंडीत डिसेंबर २०१५ मध्ये २४ तासांत ३४१.४ मिलिमीटर पाऊस झाला. ब्रिटनमधला हा विक्रम आहे.

स्वयंसेवक नेमकं काय करतात?

'फिक्स द फेल्स' या उपक्रमाचे स्वयंसेवक फावडी घेऊन डोंगर चढतात. 'फेल' म्हणजे तिथल्या बोलीत डोंगर. पाणी वाटेबाहेर वळवण्यासाठी वाटेत जागोजागी दगडी चर काढलेले असतात. त्यात गाळ आणि खडी साचली की पाणी पुन्हा वाटेवर येतं. ती उपसण्याच्या फेरीला 'ड्रेन रन' म्हणतात.

एवढ्याशा कामाने फरक पडतो?

हो. वाट एकदा वाहून गेली, की दुरुस्तीसाठी दगड अनेकदा हेलिकॉप्टरने वर न्यावे लागतात. मग कारागीर ते एकेक करून हाताने बसवतात. त्यापुढे वेळेत उपसलेला चर फारच स्वस्त पडतो.

आपण काय करू शकतो?

कुठल्याही डोंगरात चिखल दिसला तरी वाट सोडू नका, शॉर्टकट मारू नका. पुढची घळ तिथूनच सुरू होते.