पहिला पेला

गेल्या महिन्यांत कांहीं कामानिमित्त कोल्हापुरास जाण्याचा योग आला. ज्या स्नेह्यांकडे आम्ही उतरलों होतों, त्यांच्या घराजवळच एक नवें उपाहारगृह नुकतेंच उघडलें होतें. दारावरील झेंडूचें तोरण सुकलें होतें, पण अद्यापि कोणीं उतरविलें नव्हतें. सकाळीं न्याहारीसाठीं आम्ही तेथें गेलों. मिसळ, वेगळ्या वाटींत लालभडक कट, पावाचे काप आणि नंतर चहा, असा बेत होता. एका बाकावर आमच्या शेजारीं एक पोस्टमन, समोर दोन विद्यार्थी आणि पलीकडे बाजारास आलेलें एक शेतकरी कुटुंब बसलें होतें. कोणीं कोणास कांहीं विचारलें नाहीं. मिसळ चांगली होती. पण आमच्या मनांत राहिलें तें हें न विचारणें. कारण ज्या शहरांत आम्ही बसलों होतों, त्याच शहरांत एका नव्या उपाहारगृहाची कथा घडलेली आहे, आणि ती कथा या प्रश्नाचीच आहे.

ती सांगण्यापूर्वीं थोडें मागें गेलें पाहिजे. चहाचा पेला आपल्याकडे केवळ पेय घेऊन आला नाहीं. तो एक वादहि घेऊन आला. ऑक्टोबर 1890 मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एका समारंभानंतर जमलेल्या मंडळींपुढें चहा व बिस्किटें ठेवण्यांत आलीं. न्यायमूर्ति रानडे होते, टिळक होते. या मेळाव्यामागें गोपाळराव जोशी, म्हणजे कै. डॉ. आनंदीबाईंचे पति, यांचा हात होता. कोणीं चहा प्याला, कोणीं पेल्यास नुसता हात लावला. पुढें उपस्थितांचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत छापून आलीं आणि पुण्यांत ग्रामण्य उभें राहिलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी झाली, आणि 1892 सालीं रानड्यांसारख्या पुरुषानेंहि प्रायश्चित्त घेतलें. आज या गोष्टीचें हसूं येतें. पण हा सारा कलह पांढरपेशांच्या पंगतींतला होता, हें विसरूं नये. ज्याच्या हातचें पाणीहि चालत नसे, त्याचा प्रश्न त्या टेबलापर्यंत पोंचलाच नव्हता.

तो प्रश्न कोल्हापुरांत पोंचला. गंगाराम कांबळे हा महार समाजांतील मनुष्य दरबारच्या पागेंत नोकरीस होता. वरच्या जातींच्या नोकरांसाठीं राखलेल्या हौदास त्यानें स्पर्श केला, या अपराधासाठीं त्याला बेदम मारहाण झाली. शाहू छत्रपति त्या वेळीं गांवांत नव्हते. परत आल्यावर त्यांनीं अपराध्यांस शासन केलें, हें तर झालेंच. पण त्यांची दृष्टि पुढें गेली. गंगारामास त्यांनीं नोकरींतून मोकळें केलें आणि स्वतंत्र धंदा करण्यास द्रव्यसाहाय्य दिलें. भर शहरांत, भाऊसिंगजी रस्त्यावर, ‘सत्यसुधारक हॉटेल’ उभें राहिलें.

दुकान उघडलें, भांडीं लखलखीत होतीं, चहा तयार होता. गिऱ्हाईक मात्र येईना. महाराच्या हातचा चहा प्यावा कोणीं? येथें सरकारी हुकूमाची मर्यादा स्पष्ट होते. महाराजांनीं 1919 सालीं हुकूम काढून सार्वजनिक विहिरी, शाळा, दवाखाने यांतील अस्पृश्यतेस मनाई केली. पण अमक्या दुकानांत जाऊन चहा प्याच, असा हुकूम कोणत्या राजानें काढावा? दार बंद करण्यास फळा लागतो. दुकान बंद पाडण्यास लोकांचें न येणें पुरेसें असतें.

महाराजांनीं हुकूम काढला नाहीं. कोल्हापुरांत अजून सांगतात कीं, त्यांची गाडी त्या दुकानासमोर उभी राहिली, महाराजांनीं गंगारामाकडे चहा मागितला, स्वतः प्याले आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांसहि पाजला. छत्रपतींनीं घेतलेला पेला नाकारण्याची छाती कोणास होणार? मग एकेक करून गिऱ्हाईक येऊं लागलें. मार्च 1920 मध्यें माणगांवच्या परिषदेंत महाराज डॉ. आंबेडकरांच्या शेजारीं उभे राहिले, हें इतिहासाच्या पुस्तकांत ठळकपणें येतें. आमच्या मतें हा चहाचा पेलाहि त्याच तोलाचा आहे.

कोणी म्हणेल, हें राजाच्या भीडेनें झालें. मनें कोठें पालटलीं? आक्षेप खरा आहे. पण सवय ही मनाच्या आधीं हाताला लागते. भीडेनें घेतलेला पहिला पेला दुसऱ्या दिवशीं सोयीनें घेतला जातो, आणि तिसऱ्या दिवशीं तो कोणाच्या हातचा हें पाहण्यास मनुष्य विसरतो. रूढि जशी सवयीनें बसते तशी सवयीनेंच उठते.

पुढें 26 जानेवारी 1950 पासून अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत दुकानें, उपाहारगृहें आणि हॉटेलें यांत प्रवेशास जातीवरून अडथळा करूं नये असें लिहिलें गेलें, सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली, आणि 1955 च्या कायद्यानें ती पाळणें दंडनीय ठरविलें. ज्या देशांत एका चहावरून न्यायमूर्तीला प्रायश्चित्त घ्यावें लागलें, त्या देशाच्या घटनेंत उपाहारगृहाचें नांव यावें, यांत नवल नाहीं. तथापि हें कलम गिऱ्हाइकाला आंत घेतें; गंगारामाच्या दुकानीं गिऱ्हाईक आणीत नाहीं. तें काम कायद्याच्या हातीं नाहीं. शाळेंतलें मध्यान्ह भोजन दलित बाईनें रांधलें म्हणून मुलांनीं तें नाकारल्याच्या वार्ता आपल्या देशांत चालूं शतकांतहि आल्या आहेत. तेथें कायदा होता. पहिला घांस घेणारा वडीलधारा नव्हता.

न्याहारी आटोपून आम्ही गल्ल्यापाशीं पैसे दिले. आंत कोण रांधतें, हें आम्हीं विचारलें नाहीं. आणि हें न विचारणें आपल्याला आयतें मिळालें, तें कोणीतरी मिळवून ठेवलें आहे, हें ध्यानांत घेऊन आम्ही उठलों. बाहेर पडतां पडतां तो पोस्टमन दुसरा चहा सांगत होता.