लाटव्हियन तत्त्वचिंतनाचा इतिहास

तत्त्वज्ञानास देश नसतो असें म्हणतात. परंतु त्याच्या इतिहासास देश असतो, भाषा असते आणि राज्यकर्तेही असतात. लाटव्हियन तत्त्वचिंतनाचा इतिहास लिहूं पाहणाऱ्या प्राध्यापकास याचा प्रत्यय पहिल्याच पानावर येतो.

कांटचा ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ हा युगप्रवर्तक ग्रंथ १७८१ सालीं रीगा येथील हार्टक्नोख या प्रकाशकानें प्रसिद्ध केला. त्यापूर्वीं १७६४ ते १७६९ पर्यंत हेर्डर याच नगरांत अध्यापन करीत होता. परंतु मुखपृष्ठावर रीगाचें नांव आलें एवढ्यानें तो विचार लाटव्हियन झाला काय? नगरांतील विद्याव्यवहार जर्मन भाषेंत चाले, सत्ता रशियाची होती, आणि सभोंवारचा लाटव्हियन शेतकरी जमीनदाराचा भूदास होता. त्या प्रांतांतील भूदासत्व १८१९ सालीं रद्द झालें. शेतकऱ्याचें जीवनचिंतन ‘दाइना’ नामक छोट्या लोकगीतांतच राहिलें; तीं क्रिश्यानिस बारोन्स यांनीं १८९४ ते १९१५ या काळांत सहा खंडांत प्रसिद्ध केलीं.

पुढें स्वतंत्र लाटव्हियांत १९१९ सालीं विद्यापीठ स्थापन झालें. तेथील अध्यापक टेओडोर्स त्सेल्म्स हे हुसेर्लचे शिष्य. तरी १९२८ च्या आपल्या जर्मन ग्रंथांत त्यांनीं गुरूच्याच चिद्वादाची कठोर परीक्षा केली. १९३९ सालीं ‘सत्य आणि आभास’ हा ग्रंथ मात्र त्यांनीं मातृभाषेंत लिहिला. १९४४ सालीं युद्धाच्या वणव्यांत त्यांनीं देश सोडला. पुढें अमेरिकेंत अध्यापन करून ते १९८९ सालीं निवर्तले. सोव्हिएत राजवटींत मायदेशीं मार्क्सवादासच अधिकृत तत्त्वज्ञानाचें स्थान होतें. देश पुन्हां स्वतंत्र झाला १९९१ सालीं, आणि त्सेल्म्स यांचे जर्मन लेख संपादित होऊन पुनः छापले गेले १९९३ सालीं.

अशा वेळीं इतिहासकारास दोन मोह पडतात. एक, कांटला आपल्या घरचा म्हणवून घेण्याचा. दुसरा, लोकगीतांस दर्शनग्रंथाची पदवी देण्याचा. आमच्या मतें दोन्ही टाळावे. कांटचा ग्रंथ त्या नगरांतून जगांत गेला, पण बाहेरच्या शेतापर्यंत पोहोंचला नाहीं. गीतें शेतांत जन्मलीं, पण त्यांत युक्तिवाद नाहीं. ज्या दिवशीं त्या शेतकऱ्याच्याच भाषेंत सत्य म्हणजे काय हा प्रश्न तर्कानें तपासला जाऊं लागला, त्या दिवसापासून खरी कथा सुरू होते. ती मध्येंच तुटली; तुटलेलें टोंक शोधून पुढच्या पिढीच्या हातीं देणें, हेंच त्या इतिहासकाराचें कार्य होय.