मांडव्याची धाव

व्यायाम सुटला की दोष माणसाच्या आळसाला दिला जातो. बीड जिल्ह्याचा अलीकडचा इतिहास वेगळे सांगतो. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये भरती झाले. सियाचीनचा बर्फ, राजस्थानचे वाळवंट, मग सिक्कीम अशा नेमणुका झाल्या. 2015 मध्ये सैन्याच्या क्रॉस-कंट्री स्पर्धांतून धावणे सुरू झाले. पुढे दुखापतीने धावणे थांबले आणि वजन वाढले. तिथून ते परतले, प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या देखरेखीखाली. 2018 मध्ये भुवनेश्वरला त्यांनी 3000 मीटर स्टीपलचेसमधला गोपाल सैनी यांचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले. सुवर्ण अवघ्या 0.05 सेकंदाने हुकले.

कोणी म्हणेल, साबळे यांचे शरीर लहानपणच्या गरिबीने आणि शाळेसाठीच्या पायपिटीने घडवले. मला ते पटत नाही. नुसत्या कष्टाने धावपटू घडते, तर दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघणाऱ्या बीडच्या प्रत्येक टोळीतून ते निघाले असते. अतिकष्ट शरीर झिजवतात. व्यायामाला ती झीज भरून काढणारी उसंत लागते. साबळे यांची जिद्द मोठीच, पण तिला सैन्याने पोटभर आहार, ठरलेली वेळ, सोबती आणि प्रशिक्षक दिले. गळीत हंगाम संपवून गावी परतणाऱ्या तरुण मुलामुलींसाठी ग्रामपंचायतींनी निदान एक सपाट मैदान आणि एक जाणता प्रशिक्षक द्यावा.