दिनांक-लेखनाचे साधन आणि एआय एजंट : दस्तऐवजीकरणाचा ऐतिहासिक दृष्टिकोनातून अभ्यास

प्रस्तावना :

जेधे शकावलीत छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्माची नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आढळते. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली ही शकावली प्रकाशात आणली. या तिथीचा इंग्रजी दिनांक १९ फेब्रुवारी १६३० असा दिला जातो. मात्र हाच दिनांक पायथन या संगणकभाषेतील दिनांक-साधनास देऊन वार विचारल्यास उत्तर ‘मंगळवार’ असे मिळते. शकावलीकाराची नोंद चुकीची, असा निष्कर्ष एखादा अभ्यासक यावरून सहज काढील. वस्तुतः शकावलीही चुकलेली नाही आणि यंत्राचे गणितही चुकलेले नाही. दोहोंच्या मध्ये जे लिहून ठेवावयास हवे होते ते लिहिलेले नाही. प्रस्तुत निबंधात या उणिवेचा विचार केला आहे.

एक दिवस, अनेक दिनांक :

पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली ज्युलियन कालगणनेत सुधारणा केली. त्या वर्षी ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर मोजण्यात आला. पोर्तुगालने ही सुधारणा तत्काळ स्वीकारली. इंग्लंडने ती १७५२ साली स्वीकारली. तोपर्यंत इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्षारंभ २५ मार्च रोजी होत असे. परिणामी शिवजन्माचा तोच शुक्रवार तत्कालीन इंग्रजी पद्धतीने १९ फेब्रुवारी १६२९, तर पोर्तुगीज पद्धतीने १ मार्च १६३० ठरतो. आज रूढ असलेल्या १९ फेब्रुवारी १६३० या दिनांकात दिवस व महिना ज्युलियन आहेत आणि वर्ष मात्र जानेवारीपासून मोजलेले आहे. पायथनचे साधन ग्रेगरियन गणना मागील काळासही लागू करते. दोन गणनांत दहा दिवसांचे अंतर असल्याने वार बदलतो.

प्रमाणीकरणाचे टप्पे :

सी या संगणकभाषेच्या १९८९ च्या अमेरिकन प्रमाणात दिनांकाला हवे ते रूप देणारी ‘एसटीआरएफटाइम’ ही सुविधा समाविष्ट झाली. तिच्या संकेतांत लहान ‘एम’ म्हणजे महिना आणि मोठा ‘एम’ म्हणजे मिनिट. माहितीपुस्तिका न वाचणाऱ्याची येथे हमखास फसगत होते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाने वर्ष, महिना, दिवस असा क्रम निश्चित केला. २००२ च्या आरएफसी ३३३९ ने इंटरनेटसाठी त्याचे आटोपशीर रूप सिद्ध केले. आयएसओ प्रमाणानुसार १५८३ पूर्वीचे दिनांक परस्परसंमतीनेच वापरावयाचे असतात. परंतु इंग्लंडमध्ये जुनी गणना १७५२ पर्यंत चालू असल्याने १६३० चा दिनांक या सावधगिरीच्या कक्षेबाहेर राहतो. प्रमाण पाळूनही चूक कशी संभवते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

एआय एजंटसमोरील प्रश्न :

माणसाने सांगितलेले काम बाह्य साधने वापरून पार पाडणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली म्हणजे एआय एजंट. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने जाहीर केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’मध्ये प्रत्येक साधनाचे नाव, वर्णन आणि त्यास द्यावयाच्या माहितीचा आराखडा एजंटपुढे ठेवला जातो. साधनाची अंतर्गत रचना सामान्यतः त्याच्यापुढे नसते. वर्णन हाच त्याचा मुख्य आधार असतो. ‘दिनांक योग्य स्वरूपात देते’ एवढेच वर्णन असेल, तर ०४/०७/२०२५ हा भारतीय ४ जुलै की अमेरिकन ७ एप्रिल, हे त्यास अंदाजानेच ठरवावे लागते. भारतात ४ जुलैच्या पहाटेचे दोन वाजले असता जागतिक प्रमाणवेळेनुसार ३ जुलैच असतो. म्हणून ‘आज’ हा शब्दही कालक्षेत्राच्या उल्लेखाशिवाय अपुरा ठरतो.

निष्कर्ष :

१. अशा साधनाच्या दस्तऐवजात स्वीकारला जाणारा क्रम, वर्षाचे अंक, कालक्षेत्र आणि कालगणना यांचा स्पष्ट निर्देश असावा.
२. दिनांक संदिग्ध असल्यास साधनाने तर्क न करता त्रुटी कळवावी आणि हे वर्तनही वर्णनात नमूद असावे.
३. ऐतिहासिक दिनांकाचे रूपांतर करताना मूळ नोंद पुसू नये. ती रूपांतरित दिनांकासोबत जतन करावी.

जेधे शकावलीच्या लेखकाने तिथीबरोबर वारही लिहिला, म्हणूनच आज रूपांतराची तपासणी शक्य होते. पुढील काळात दफ्तरांच्या सूची करण्याचे काम एजंटांकडे सोपविले गेल्यास अशा चुका एका कागदापुरत्या न राहता संपूर्ण संग्रहात पसरतील. त्या टाळण्यासाठी साधनांचे वर्णन लिहिताना संगणकतज्ज्ञांइतकाच इतिहासाच्या अभ्यासकांचाही सहभाग आवश्यक आहे.