नऊ एकांचा वर्ग

ओळीने नऊ वेळा एकाचा अंक मांडावा आणि त्या संख्येस तिनेच गुणावे. गुणाकार येतो १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकांची ही संख्या एकापासून नऊपर्यंत चढत जाते आणि त्याच पायऱ्यांनी खाली उतरते.

या कुळातील संख्यांचा परिचय भारतास फार जुना आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट नृपती अमोघवर्ष याच्या काळी, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. २७९९४६८१ या संख्येस ४४१ ने गुणले असता १२३४५६५४३२१ येतात, हे उदाहरण त्या ग्रंथात आढळते. हा सहा एकांचा वर्ग होय.

हजारांहून अधिक वर्षांनी याच वाटेने एक शाळाशिक्षक निघाला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूस झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून १९३० ते १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीस अध्यापन केले. या संख्यांची कल्पना त्यांना ज्या रेल्वे स्थानकावर सुचली त्याचे, म्हणजे आजच्या डोंबिवलीचे, तेव्हाचे नाव डेमलो. म्हणून त्यांनी यांस ‘डेमलो संख्या’ म्हटले. १, १२१, १२३२१ ही माला त्यांतील ‘अद्भुत’ संख्यांची.

अनेक विद्वानांनी हा अंकांचा पोरखेळ मानला. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा कोठे जगाचे लक्ष त्यांच्याकडे वळले.

हा खरोखर पोरखेळ आहे काय? डिचोलीजवळच्या सर्वण गावातील विद्यार्थ्यासही पाटीवर याचा निर्णय करता येईल. गुणाकारात नऊ एकांच्या नऊ ओळी एकेक घर सरकून पडतात. उजवीकडून पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, मधल्या घरात नऊ एक जमतात. पुढे ते पुन्हा एकेकाने घटतात. हातचा कोठेच येत नाही. दहा एक घेतले की मधल्या घरात दहा जमतात, हातचा पुढे जातो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असे शिखर मोडते. म्हणजे हा डोंगराचा आकार दशमान लेखनाने दिलेला आहे. दुसऱ्या पायावर हीच संख्या लिहिली तर तो दिसणार नाही. आक्षेपकांचे म्हणणे एवढ्यापुरते खरे.

परंतु काही गुण संख्येचे स्वतःचे आहेत. ती पूर्ण वर्ग आहे, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो; भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. या लहान संख्येत आठाचा अंक तेवढा नाही! मूळ संख्येच्या अंकांची बेरीजही ८१ च भरते. आपल्या अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्यांस कापरेकरांनी ‘हर्षद’ हे नाव दिले होते. हर्षद म्हणजे आनंद देणारी.

कापरेकर १९८६ मध्ये निवर्तले. लेखनाने दिलेले रूप कोणते आणि संख्येचे अंगचे गुण कोणते, हा विवेक ज्या खेळातून शिकता येतो, त्यास पोरखेळ म्हणणे सयुक्तिक नव्हे.